बोलावलेल्या माणसाची जबाबदारी : क्रीडा, आतिथ्य आणि सोहळा-व्यवस्थापनाचं शिक्षण



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींना हसू आलं असेल. क्रीडा, हॉस्पिटॅलिटी आणि इव्हेंट मॅनेजमेंट! म्हातारपणी सरांना हे काय सुचलं, असं एकानं आम्हांला दारातच विचारलं. सुचलं ते एका बापामुळं.

दोनेक महिन्यांपूर्वी आपल्या तालुक्यातलेच एक कास्तकार आमच्याकडे आले. सोबत मुलगी. बारावी झालेली, गुण बरे, शाळेच्या कबड्डी संघात खेळलेली. तिला कॉलेजात हॉटेल आणि इव्हेंट मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम करायचा होता. बाप शांत माणूस, पण बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. म्हणाले, "सर, दोन एकर गहाण ठेवून मी पोरीले लोकायच्या उष्ट्या ताटल्या उचलाले शिकवू का?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्हीही लगेच उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न खरा होता. त्यात पैशाची काळजी होती, मुलीच्या अब्रूची काळजी होती, आणि आपल्या समाजात कोणतं काम हलकं आणि कोणतं भारी, याचा शेकडो वर्षांचा हिशेबही होता. आज आपण त्या प्रश्नाचंच उत्तर शोधू. हे शिक्षण म्हणजे नेमकं काय? त्यात विद्या आहे का, की नुसतीच हमाली? आणि ते घ्यायचं तर काय तपासून घ्यायचं?

तीन नावं, एकच काम

आधी हे समजून घेऊ की ही तीन क्षेत्रं एका अभ्यासक्रमात का बांधतात. खेळ वेगळा, हॉटेल वेगळं, समारंभ वेगळा. मग एकत्र कशाला?

आपण इथल्या इथं एक स्पर्धा भरवून पाहू. समजा दारव्ह्यात खुले कबड्डी सामने ठेवले. चोवीस संघ आले. बाद पद्धतीनं खेळवायचे, म्हणजे हरला तो घरी. सामने किती होतील? पुष्कळ जण बोटं मोजू लागतात. पण विचार सोपा आहे. विजेता सोडून तेवीस संघांना प्रत्येकी एकदा हरायचं आहे. म्हणून सामने २३.

एका सामन्याचे दोन डाव, प्रत्येकी २० मिनिटं. मध्ये ५ मिनिटं विश्रांती. पुढचे संघ उतरायला, चुना नीट करायला १० मिनिटं धरा. झाली ५५ मिनिटं. २३ गुणिले ५५ म्हणजे १२६५ मिनिटं, एकवीस तासांच्या वर! एका मैदानावर, एका दिवसात हे होणारच नाही. तरी आपल्याकडं पत्रिकेवर 'एकदिवसीय भव्य सामने' छापलं जातं आणि अंतिम सामना पहाटे चारला होतो. पोरांच्या गुडघ्यांचं काय होतं, ते घरी आई तेल चोळते तेव्हा कळतं.

म्हणून दोन दिवस आणि पहिल्या दिवशी दोन मैदानं. चोवीस संघांपैकी आठांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते. उरलेल्या सोळांचे ८ सामने, मग सोळा संघांची दुसरी फेरी, तिचेही ८. पहिल्या दिवशी १६ सामने, दोन मैदानांवर साधारण साडेसात तास. दुसऱ्या दिवशी उपउपांत्य ४, उपांत्य २ आणि अंतिम १, असे ७. एका मैदानावर साडेसहा तास. जमलं.

पण दोन दिवस म्हटल्यावर मुक्काम आला. एका संघात १२ खेळाडू आणि सोबत दोघं, म्हणजे १४ माणसं. चोवीस संघांची ३३६. तेवढ्या गाद्या लागतील का? नाही. पहिल्या दिवसाअखेर आठच संघ उरतात, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला ११२ माणसं. पण दुपारचं जेवण मात्र ३३६ जणांचं. लांबून येणारे संघ आदल्या रात्रीच येतील, त्यांची सोय वेगळी. हरलेल्या संघाला उपाशी पाठवायचं नाही, म्हणून शिदोरी वेगळी.

पाहिलंत? सुरुवात खेळापासून केली, दहा मिनिटांत आपण गाद्या आणि डाळभातावर आलो. अजून प्रेक्षकांची बसण्याची सोय, पाणी, शौचालयं, रुग्णवाहिका, पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेळ हे सगळं बाकी आहे. खेळाचं नियोजन, पाहुण्यांची सोय आणि सोहळ्याची जबाबदारी यांना वेगळं करता येत नाही. माणसाला आपण बोलावलं, की तो येईपर्यंत, असेपर्यंत आणि सुखरूप घरी जाईपर्यंत त्याची जबाबदारी आपली. आमच्या मते या अभ्यासक्रमाचा खरा विषय हाच आहे, बाकीचं सारं याच्या पोटात येतं.

अमरावतीचा आखाडा ते बर्लिन

हे सगळं विदेशी खूळ आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांना आम्ही जवळचंच उदाहरण देतो. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते उभं केलं. आखाडा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत पुढे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय झालं. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथं कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं त्यांनी जगाला दाखवली.

त्या काळी वऱ्हाडातून पथक घेऊन बोटीनं युरोपात जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. पैसा उभा करणं, परवाने, सामान, प्रवासातलं खाणंपिणं, आणि ज्यांनी हा खेळ जन्मात पाहिला नाही त्यांना थोडक्या वेळात तो समजेल असा दाखवणं. त्या वेळी याला कुणी 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' म्हणत नव्हतं. काम मात्र तेच होतं.

आणखी एक गोष्ट. कबड्डी गावोगाव खेळली जायची, पण दर दहा कोसांवर नियम वेगळे. कुठं मेलेला गडी परत जिवंत होई, कुठं होत नसे. महाराष्ट्रातल्या शारीरिक शिक्षणाच्या मंडळींनी बसून नियम लिहिले, मैदानाची मापं ठरवली, वेळ ठरवली. म्हणून १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत कबड्डी जाऊ शकली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेली आणि २०१४ पासून प्रो कबड्डीच्या रूपानं घराघरांतल्या टीव्हीवर आली. आज पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, एका चढाईला ३० सेकंद. एक सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे सहायक. खेळणारे चौदा, पण त्यांचा खेळ खेळ म्हणून टिकावा यासाठी राबणारे कितीतरी. खेळाडू होणं सगळ्यांना जमत नाही. पण खेळावर प्रेम असलेल्या मुलाला खेळाच्या जवळ राहून मानानं जगता येतं, ते या दुसऱ्या कामांमुळं.

इथं एक गोंधळ दूर करू. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षकाची पदवी आहे. तिच्यात शरीरशास्त्र, प्रशिक्षण, अध्यापन येतं. क्रीडा-व्यवस्थापन हे वेगळं. त्यात स्पर्धेचं नियोजन, मैदानाची देखभाल, प्रायोजक, करार, तिकिटं, कायदा हे विषय येतात. हा विषय जगातही फार जुना नाही. बेसबॉलच्या एका संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली जेम्स मेसन या प्राध्यापकाला पत्र लिहून विचारलं, की खेळाचा कारभार चालवणारी माणसं कुठं शिकून तयार होणार? त्यातून १९६६ साली अमेरिकेत ओहायो विद्यापीठात क्रीडा-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे ही विद्या आमच्याहूनही वयानं लहान आहे.

पाहुणा कोण?

आता आतिथ्याकडे येऊ. त्या बापाचा खरा राग इथंच होता.

अतिथी या शब्दाची जुनी फोड अशी सांगतात, की ज्याच्या येण्याला तिथी ठरलेली नाही तो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू उपदेश करतो. आई, वडील आणि गुरू यांना देव मानायला सांगतो आणि चौथ्या जागी अतिथीला बसवतो. लक्षात घ्या, हा उपदेश पदवीदानाच्या वेळचा आहे! शिकलेल्या माणसाची पहिली परीक्षा म्हणजे दारात आलेल्या अनोळखी माणसाशी तो कसा वागतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर निबंध लिहिला. त्यात तो आतिथ्याला दयेच्या खात्यात टाकत नाही, हक्काच्या खात्यात टाकतो. परक्या भूमीवर आलेल्या माणसाशी शत्रूसारखं वागलं जाऊ नये, हा त्याचा हक्क. म्हणजे एक म्हणतो पाहुणा देव आहे, दुसरा म्हणतो पाहुण्याला हक्क आहे. दोघांच्याही मते पाहुण्याशी नीट वागणं हा मर्जीचा प्रश्न नाही.

मग गाडगेबाबांकडे पाहा. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आपल्या पोरांच्या पदवीवर आहे, ते गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात कीर्तनाला गेले की आधी झाडू हाती घेत. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या कुणासाठी? ज्याला तीर्थाच्या गावी कुणी ओट्यावर बसू देत नव्हतं त्या माणसासाठी. आज हॉटेलच्या अभ्यासक्रमात 'हाउसकीपिंग' नावाचा विषय असतो. खोली झाडणं, चादर बदलणं, न्हाणीघर स्वच्छ ठेवणं. हे काम हलकं म्हणणाऱ्यानं निदान त्या विद्यापीठाचं नाव घेताना थोडं थांबावं.

आणि शेगाव तर आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकानं पाहिलं आहे. गजानन महाराज संस्थानात दर्शनाची रांग, महाप्रसाद, भक्तनिवास, चपला ठेवण्याची जागा, सगळं कसं चालतं? हजारो सेवाधारी आपापल्या पाळीनं येतात. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. शिवशंकरभाऊ पाटलांनी आयुष्य घालून ही शिस्त घडवली. तिथं पायपुसणं झटकणारा माणूस डॉक्टर असेल किंवा शेतमजूर, ओळखू येत नाही. उष्टी ताटली उचलताना त्याला लाज वाटत नाही. मग तीच ताटली हॉटेलात उचलली की लाज का वाटते?

याचं उत्तर आपण प्रामाणिकपणे द्यायला पाहिजे. शेगावात तो माणूस आपल्या इच्छेनं उचलतो, आणि त्याला मान मिळतो. बाहेर पुष्कळदा ते काम जातीनं, गरिबीनं गळ्यात पडलेलं असतं आणि वर अपमान मिळतो. सेवा आणि चाकरी यांतला फरक ताटलीत नाही, तर करणाऱ्याचा शब्द चालतो की नाही, त्याला त्या कामाचं ज्ञान आहे की नाही, आणि त्याला नीट मोबदला मिळतो की नाही, यात आहे. चांगल्या शिक्षणानं हाच फरक पडायला हवा. तो पडत नसेल, तर त्या बापाचं म्हणणं बरोबर ठरतं.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात कशी झाली तेही सांगतो. १९५४ साली मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटची पहिली संस्था निघाली. ती काढली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनं, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं. म्हणजे बायकांनी. घरात ज्या कामाला कुणी विद्या म्हणत नव्हतं, त्या स्वयंपाकाला आणि टापटिपीला त्यांनी अभ्यासक्रमाचं रूप दिलं. मुलीच्या बापांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

या अभ्यासक्रमाचे मुख्य विभाग चार. पाहुण्याचं स्वागत आणि नोंद, म्हणजे फ्रंट ऑफिस. खोल्यांची निगा, म्हणजे हाउसकीपिंग. स्वयंपाकघर. आणि वाढणं. यात शिकण्यासारखं काय आहे? एकच उदाहरण देतो. लग्नात दुपारी बाराला शिजलेलं वरण आणि भाजी पाचच्या पंगतीला वाढतात. शिजलेलं गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावं, मधल्या तापमानात जंतू वेगानं वाढतात, हे आचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, लग्नाच्या जेवणातून विषबाधा. नवरदेवाच्या गावात एवढी माणसं सलाइनवर! शिकलेला माणूस थर्मामीटर लावतो, दोन टप्प्यांत शिजवतो, आधी आलेला माल आधी वापरतो. त्याचं काम कुणाला दिसत नाही, कारण काही घडत नाही.

मागचं दार

आता सोहळा. व्याख्यान सुरू होण्याआधी आम्ही संयोजकांना विनंती केली, की मागच्या दाराचं कुलूप काढा. पाच मिनिटं किल्ली सापडेना, म्हणून आपला कार्यक्रम उशिरा सुरू झाला. काहींना तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला असेल. त्याचं कारण सांगतो.

२५ जानेवारी २००५. सातारा जिल्ह्यातलं मांढरदेवीचं डोंगरावरचं देऊळ. यात्रेत चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून अधिक माणसं गेली. अरुंद वाट, पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडून झालेली निसरड, दोन्ही बाजूंना दुकानं. १६ एप्रिल २०२३. खारघरचं मोकळं मैदान, पुरस्काराचा सोहळा, लाखो लोक, आणि डोक्यावर दुपारचं ऊन. चौदा माणसं उष्माघातानं दगावली. ४ जून २०२५. बंगळूरला क्रिकेट संघाच्या विजयाचा जल्लोष, मैदानाच्या दारांवर लोटलेली गर्दी, अकरा जणांचा जीव गेला. एक देवाचा उत्सव, एक सन्मानाचा, एक खेळाचा. तिन्ही ठिकाणी माणसं आनंदानं आली होती.

गर्दीचं शास्त्र आहे. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर ती सहज हलतात. पाचाच्या पुढे गेली की माणसाचं स्वतःच्या पायांवर नियंत्रण राहत नाही, गर्दी पाण्यासारखी लाटा मारू लागते. तेव्हा मागच्याला ठाऊक नसतं की पुढे कुणी पडलंय. म्हणून येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवायची, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत, गर्दी दारात पोचण्याआधीच लांब अडवायची, ध्वनिक्षेपकावर सूचना कोण देणार ते आधी ठरवायचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ साली मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली आहे. ती किती मंडळांनी उघडली असेल?

आपल्या जिल्ह्यात यवतमाळचा दुर्गोत्सव आहे. धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला किती लोक येतात, ते तुम्ही जाणता. शंकरपट आहेत. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला. आता पट भरवायचा तर परवानगीचे कागद लागतात, बैलांची डॉक्टरी तपासणी लागते. पूर्वी गावचा पाटील आवाज देऊन जे चालवायचा, ते आता नियम वाचणाऱ्या माणसाशिवाय चालणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हात कुणाचाही दुपारचा कार्यक्रम ठरत असेल, तर 'नाही, संध्याकाळी घ्या' असं ठामपणे सांगणारा शिकलेला माणूस त्या बैठकीत हवा. पुढाऱ्यासमोर 'नाही' म्हणता येणं, हा आमच्या मते या अभ्यासक्रमातला सगळ्यात कठीण धडा आहे.

ही विद्या आहे का?

आमचा धंदा तत्त्वज्ञानाचा, तेव्हा थोडा ॲरिस्टॉटल तुम्हांला सोसावा लागेल. त्यानं ज्ञानाचे प्रकार सांगितले. एक कौशल्य, म्हणजे वस्तू कशी घडवायची ते जाणणं. सुतार खुर्ची करतो, तसं. दुसरं व्यवहारातलं शहाणपण, म्हणजे समोरच्या प्रसंगात माणसांसाठी काय योग्य ते ओळखून तसं करणं. पहिलं पाठातून आणि सरावातून येतं. दुसरं अनुभवातून आणि चारित्र्यातून येतं, त्याचं पुस्तक नाही.

टेबलावर चमचे मांडणं हे कौशल्य. आठ दिवसांत येतं. पण पंगत अर्धी उठली, पावसाची सर आली, मंडपाची एक बाजू झुकली, अशा वेळी म्हातारी माणसं आधी हलवायची की चुलीवरची कढई आधी उतरवायची, हे ठरवणं म्हणजे शहाणपण. चांगला अभ्यासक्रम कौशल्यापासून सुरुवात करून शहाणपणापर्यंत नेतो. वाईट अभ्यासक्रम टाय बांधायला आणि इंग्रजीत 'वेलकम सर' म्हणायला शिकवतो आणि तिथंच संपतो.

हात आणि डोकं वेगळं केलं की शिक्षण अर्धं राहतं, हे आपल्या शेजारीच, वर्ध्याला, १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलं. त्यातून नयी तालीम आली. कामातून शिकायचं, पण काम यंत्रासारखं करायचं नाही, त्याचं 'का' समजून करायचं. आम्हांला वाटतं, हॉटेलच्या स्वयंपाकघरातही ती कसोटी लावता येते.

फी भरण्याआधी

आता पालकांसाठी. आमच्या नात्यातल्याच एका मुलानं मोठ्या शहरातल्या एका संस्थेत इव्हेंटचा अभ्यासक्रम केला. फी भारी, पत्रक गुळगुळीत. शेवटी हातात आलं ते त्या संस्थेचंच प्रमाणपत्र, विद्यापीठाची पदवी नव्हे. 'प्रशिक्षण' म्हणून वर्षभर लग्नांत खुर्च्या मांडून घेतल्या. ते पैसे परत आले नाहीत. म्हणून चार गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

एक, पदवी कोण देणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बी.बी.ए. असेल तर २०२४-२५ पासून ते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलं आहे, मान्यता आहे का ते पाहा. केंद्राशी जोडलेल्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांना राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते. तिथली पदवी तीन वर्षांची आहे.

दोन, प्रत्यक्ष काम कुठं, किती आठवडे, आणि विद्यावेतन किती? शिकणाऱ्याला एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवतात की सहा महिने कांदेच चिरायला लावतात?

तीन, स्वयंपाकघर बघायला मागा. चूल पेटते का, विद्यार्थी रोज शिजवतात का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी हॉटेलात किंवा मैदानावर कधी काम केलं आहे का?

चार, मागच्या तीन वर्षांतल्या मुलांशी स्वतः बोला. संस्थेनं दिलेल्या नंबरावर नव्हे, तुम्ही शोधलेल्या.

मुलींच्या बाबतीत आणखी विचारा. रात्रपाळीनंतर घरी सोडायची गाडी आहे का? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का? हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. ज्याला हा प्रश्न खटकतो, तिथं मुलगी पाठवू नका.

आणि गहाणवट टाळा. आयटीआयमध्ये अन्न-उत्पादनाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी आहे. आधी एक वर्ष तिथं काढून मुलाला हे काम मानवतं का ते बघता येतं. कारण काम सोपं नाही. जगाची सुट्टी ती यांची कामाची वेळ. दिवाळीत, दसऱ्यात, लग्नसराईत घरी येता येत नाही. दहा-बारा तास उभं राहावं लागतं, सुरुवातीचा पगार थोडा असतो आणि पुष्कळ नोकऱ्या कंत्राटी. हे न सांगता कुणी फक्त जहाजावरच्या नोकरीचं चित्र दाखवत असेल, तर समजावं की तो माल विकतोय.

इथं, दारव्ह्यात

शेवटी एक विचार. शकुंतला रेल्वे इथून कापूस घेऊन गेली. आता रात्रीच्या ट्रॅव्हल्स पोरं घेऊन पुण्याला जातात. हे शिकून सगळ्यांनी बाहेरच जायचं का? आपल्याकडं बिछायत केंद्रं आहेत, आचारी आहेत, मंगल कार्यालयं आहेत, यात्रा आहेत, खुले सामने आहेत. माणसं अनुभवी आहेत. त्यांना हिशेब ठेवायला, अन्नसुरक्षेची नोंदणी करायला, अग्निशमनाचं साधन ठेवायला, करार लिहायला कुणी शिकवलेलं नाही. आपल्या महाविद्यालयांनी या आचाऱ्याला वर्गात शिकवायला बोलवावं आणि विद्यार्थ्यांना त्याच्या भट्टीजवळ पाठवावं. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला गुण आहेत, ते असे मिळवता येतील.

त्या बापाला आम्ही काय सांगितलं? आम्ही विचारलं, "दादा, मोठ्या पोराच्या लग्नात पंगतीवर कोण उभं होतं?" म्हणाले, "मीच. शेवटचा माणूस जेवेपर्यंत." विचारलं, "तेव्हा लाज वाटली?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते घरचं होतं, सर. तिथं मले कोनी हुकूम देत नव्हतं." त्यांनी आमच्यापेक्षा नेमकं उत्तर दिलं होतं. मुलगी पहिल्यांदा वर पाहून बोलली, "बाबा, मले तेच तं शिकाचं हाय. हुकूम न घेता उभं राहाचं."

जमीन गहाण टाकू नका, एवढंच आम्ही सांगितलं. आधी स्वस्तातला रस्ता पाहा, ते चार प्रश्न विचारा. ते कागदावर लिहून घेऊन गेले. मुलीनं कुठं प्रवेश घेतला ते अजून ठरलेलं नाही. दोन ठिकाणी ती दोघं स्वयंपाकघर बघून आली आहेत, एका ठिकाणी दाखवलंच नाही म्हणून परत फिरली. हे ऐकून आम्हांला बरं वाटलं.

आता जाताना दोन्ही दारांनी जा. घाई करू नका, म्हाताऱ्या माणसांना आधी वाट द्या. नमस्कार.